मुरक्का : कागद जपण्याची एक विसरलेली विद्या

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी बैठकीच्या खोलीत एखादे जुने छापील चित्र असते. कोणाकडे काबा शरीफचे, कोणाकडे मदिनेच्या हिरव्या घुमटाचे, तर कोणाकडे एखाद्या दर्ग्याचे. वडीलधाऱ्यांनी ते हौसेने आणलेले असते, चौकट करून मानाच्या जागी लावलेले असते, आणि रोज डोळ्यांसमोर असल्यामुळेच त्याच्याकडे कोणाचे लक्ष नसते.

आमच्या घरीही असे एक चित्र होते. माझे आजोबा मुंबईहून जहाजाने हजला गेले होते. परतताना त्यांनी मदिना शरीफचे एक रंगीत छापील चित्र आणले. चौकटवाल्याने ते हार्डबोर्डावर टेकवून वरून काच दाबून बसवले आणि पश्चिमेच्या खिडकीसमोरच्या भिंतीवर त्याची स्थापना झाली. मी कळता झालो तेव्हा त्यातला घुमट हिरवा राहिला नव्हता, फिकट निळा झाला होता. हिरव्यातला पिवळा रंग उन्हाने आधी उडून जातो आणि निळा तेवढा मागे राहतो, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

नुकताच बी.एड. होऊन नोकरीला लागलो होतो. आपण शिकलेले, तेव्हा हे चित्र आपणच वाचवले पाहिजे असे मला वाटले. मी चौकट उघडली. कित्येक पावसाळ्यांच्या ओलीने कागद काचेला चिकटला होता. मी तो ओढला. एक मिनार अर्धा फाटून काचेवरच राहिला. उरलेला कागद मी शाळेतल्या डिंकाने जाड पुठ्ठ्यावर चिकटवला आणि वरून चिकटपट्टी लावली. दोन वर्षांत त्या पट्टीचे तपकिरी डाग चित्रभर पसरले. जे काम उन्हाला आणि पावसाला इतक्या वर्षांत साधले नव्हते, ते मी एका दुपारी करून टाकले.

दादी रागावली नाही. तिने ती काच एका फडक्यात गुंडाळली आणि आपल्या पत्र्याच्या पेटीत ठेवली. पेटी उघडली तेव्हा तळाशी आजोबांचे हजचे कागद दिसले. जहाजाचे तिकीट, एक पास, दोन पत्रे. सारे जुन्या सुती कापडात बांधलेले आणि जणू कालच ठेवले असावेत असे ताजे. दादी एवढेच म्हणाली, "बेटा, भिंतीवर लावलं ते गेलं. पेटीत ठेवलं ते राहिलं."

मी इतिहासाचा शिक्षक. दादीच्या या वाक्याने मला साडेचारशे वर्षे मागे नेले. ज्या लोकांनी आपल्या देशात चित्रांवर सर्वांत अधिक प्रेम केले, त्यांनी ती ठेवली कशी, हे पाहावे असे वाटले. तीच हकिकत आज आपल्यापुढे मांडतो आहे.

गोव्याहून फत्तेपूर सिक्रीला

नोव्हेंबर १५७९ मध्ये गोव्याहून तीन जेझुइट पाद्री अकबर बादशहाच्या निमंत्रणावरून उत्तरेकडे निघाले. रुदोल्फ आक्वाविवा, आंतोनियो मोन्सेरात आणि फ्रान्सिस्को हेन्रिकेस ही त्यांची नावे. फेब्रुवारी १५८० च्या अखेरीस ते फत्तेपूर सिक्रीला पोहोचले. त्यांनी बादशहाला जो नजराणा दिला त्यात अनेक भाषांतला बायबलचा एक भव्य ग्रंथ होता. अँटवर्प शहरात क्रिस्तॉफ प्लान्तँ या मुद्रकाने तो १५६८ ते १५७२ या काळात आठ खंडांत छापला होता. त्यात तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली चित्रेही होती. अकबराने ते खंड आदराने हाती घेऊन मस्तकाला लावले, अशी नोंद पाद्र्यांनी आपल्या पत्रव्यवहारात केली आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तांब्याच्या पत्र्यावरून चित्र कसे छापतात हे थोडक्यात समजून घ्या. पत्र्यावर टोकदार हत्याराने बारीक रेषा कोरायच्या, त्यांत काजळीची तेलकट शाई भरायची, पत्रा वरून स्वच्छ पुसायचा, आणि मग ओलसर कागद त्यावर ठेवून जबर दाबाच्या यंत्राखालून काढायचा. रेषांतली शाई कागद उचलून घेतो. अशी शेकडो चित्रे एका पत्र्यावरून निघतात. ती हलकी असतात, स्वस्त असतात आणि व्यापाऱ्याच्या गाठोड्यातून जगभर फिरू शकतात. काजळीची शाई उन्हानेही उडत नाही. मात्र ज्या कागदावर ती छापलेली असते तो पातळ, सुटा आणि दुबळा असतो.

गोव्यामार्गे अशी पुष्कळ चित्रे मुघल दरबारात आली. शहजादा सलीम, म्हणजे पुढचा जहांगीर बादशहा, यांचा मोठा शौकीन होता. त्याच्या चित्रशाळेत आका रिझा नावाचा इराणी चित्रकार होता आणि त्याचा मुलगा अबुल हसन तिथेच शिकत होता. इ.स. १६०० मध्ये या मुलाने जर्मन कलावंत आल्ब्रेख्त ड्यूरर याच्या १५११ सालच्या एका कोरीव चित्रातली एक उभी आकृती पाहून हुबेहूब काढली. मूळ चित्र पोस्टकार्डाहूनही लहान. अबुल हसनचे वय तेव्हा तेरा वर्षांचे होते आणि तसे त्या रेखाटनावर लिहिलेलेही आहे. ते आज ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे. पुढे १६१८ मध्ये जहांगीरने याच अबुल हसनला 'नादिर-उज-जमान', म्हणजे काळातले अद्भुत, असा किताब दिला. आपल्या आठवीच्या वर्गातल्या मुलामुलींनी हे तेरा वर्षांचे वय ध्यानात ठेवावे.

मला मात्र इथे दुसराच प्रश्न पडतो. छापून जवळजवळ नव्वद वर्षे झालेले एक चित्र समुद्र ओलांडून, उष्ण आणि दमट मुलखातून प्रवास करून त्या मुलासमोर आले, तेव्हा ते पाहून नक्कल करता येईल इतके सुस्थितीत होते. दरबारात आलेले असे कागद पुढे कसे टिकले?

ठिगळांची गोधडी

याचे उत्तर 'मुरक्का' या शब्दात आहे. अरबी भाषेत 'रुक्आ' म्हणजे तुकडा किंवा ठिगळ. ठिगळे जोडून केलेले ते मुरक्का. सूफी फकिरांच्या ठिगळांच्या झग्यालाही हाच शब्द आहे. आपल्या मराठीत सांगायचे तर गोधडी. निरनिराळ्या ठिकाणांहून, निरनिराळ्या काळांतून आलेले चित्रांचे आणि सुलेखनाचे सुटे कागद एका मापाच्या पानांवर चढवून केलेला ग्रंथ म्हणजे मुरक्का.

ही रीत इराणातून आली. शाह तहमास्पचा भाऊ बहराम मिर्झा याच्यासाठी दोस्त मुहंमद नावाच्या कलावंताने १५४४-४५ मध्ये केलेला मुरक्का आजही इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्याच्या ग्रंथालयात आहे. आपल्याकडे अकबराने स्वतःची आणि आपल्या सरदारांची चित्रे काढवून एक भला मोठा संग्रह केल्याचे अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त सांगितले आहे. पण सर्वांत प्रसिद्ध आहे तो 'मुरक्का-ए-गुलशन'. सलीम शहजादा असतानाच, सोळावे शतक सरताना, त्याची सुरुवात झाली आणि तो बादशहा झाल्यावरही काम चालू राहिले. त्यात इराणी चित्रे आहेत, मुघल चित्रे आहेत, हेरातच्या मीर अली या थोर सुलेखनकाराचे लेखन आहे, आणि युरोपातून आलेली छापील चित्रेही आहेत. काही छापील चित्रे जशीच्या तशी पानावर चिकटवली आहेत, तर काहींतल्या आकृती चित्रकारांनी पानांच्या कडेला उतरवून घेतल्या आहेत.

आता हे पान कसे होत असे ते पाहा. पातळ कागदाचे अनेक थर पिठाच्या खळीने एकमेकांवर चिकटवून एक भक्कम पण लवचीक पान तयार होई. त्यावर अकीकासारख्या गुळगुळीत दगडाने घोटाई होई. मधोमध चित्र बसवले जाई. चित्राच्या कडेने सोन्याच्या आणि रंगांच्या बारीक रेघा ओढत, त्यांना 'जदवल' म्हणतात. त्यांच्याबाहेर चारी बाजूंना रुंद हाशिया सोडला जाई आणि त्यावर सोन्याची वेलबुट्टी काढली जाई. पानाच्या एका बाजूला चित्र आणि दुसऱ्या बाजूला सुलेखन. त्यामुळे ग्रंथ उघडला की चित्रासमोर चित्र येई आणि अक्षरासमोर अक्षर. शेवटी सर्व पानांना भक्कम बांधणी.

हाशिया म्हणजे आपल्या शाळेतला समास. वहीत समास सोडा, असे आम्ही शिक्षक मुलांना रोज बजावतो, आणि मुले ते का, असे विचारतात. या मुरक्क्यात त्याचे उत्तर मिळते. कागदाला पहिली इजा नेहमी कडेला होते. बोटे कडेला लागतात, घाम आणि तेलकटपणा कडेला उतरतो, कसर कडेपासून कुरतडते, ओल कडेतून शिरते, फाटण्याची सुरुवातही कडेलाच होते. हाशिया ही सगळी इजा स्वतःवर घेतो आणि मधल्या चित्रापर्यंत पोहोचू देत नाही. हाशिया खराब झाला तर तो काढून नवा चढवता येतो. मुघल आणि इराणी ग्रंथशाळांत असे हाशिये पुन्हा पुन्हा बदलले गेले आहेत. खळ पाण्याने सुटते, म्हणून हे शक्य झाले. म्हणजे सजावट वाटणारी ही वेलबुट्टी खरे तर चित्राभोवतीचा तट होता.

आणि याहूनही मोठी गोष्ट अशी की मुरक्का हा मिटून ठेवायचा ग्रंथ होता. बादशहाला इच्छा झाली की तो मागवला जाई, गादीवर बसून पाने उलटली जात, पाहणे झाले की पुन्हा मिटून ग्रंथालयात जाई. चित्राला अंधार मिळे, दाब मिळे, धुळीपासून आडोसा मिळे, आणि अधूनमधून हवा व कदरदानाची नजरही मिळे.

भिंत आणि ग्रंथ

याच काळात भिंतीवरही चित्रे होती. फत्तेपूर सिक्रीच्या ख्वाबगाहच्या आणि सुनहरा मकानच्या भिंती रंगीत चित्रांनी भरलेल्या होत्या. आज तिथे जाऊन पाहिले तर पुसट खुणा तेवढ्या दिसतात. बादशहा तोच, चित्रकार त्याच शाळेतले, पण भिंतीवरचे काम वाऱ्यापावसाने नेले आणि ग्रंथातले आजही सोन्यासारखे चमकते.

युरोपातही हेच घडले. ड्यूररनेच आपल्या बादशहासाठी लाकडी ठशांची एक प्रचंड कमान रचली होती. १९२ ठसे, आणि जोडल्यावर उंची जवळजवळ साडेतीन मीटर. १५१७-१८ च्या सुमारास तिचे सातशे संच छापले गेले. महालांच्या आणि नगरमंडपांच्या भिंतींवर ते लावावेत असा हेतू होता. त्या सातशेंपैकी फार थोडे उरले. उलट त्याच ड्यूररची तळहाताएवढी चित्रे संग्राहकांनी ग्रंथांत चिकटवून ठेवली, म्हणून ती हजारोंनी टिकली. फ्रान्समधल्या मिशेल द मारोल नावाच्या धर्मगुरूने अशाच रीतीने १,२३,४०० छापील चित्रे जमवली होती. १६६७ मध्ये राजाने ती विकत घेतली आणि पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातल्या मुद्राचित्र विभागाचा तोच पाया ठरला. दिल्ली आणि पॅरिस यांनी एकमेकांना न विचारता एकच तोडगा काढला होता.

गुलशन मुरक्क्याच्या नशिबी पुढे मोठा प्रवास आला. १७३९ मध्ये नादिरशहाने दिल्ली लुटली. त्या लुटीबरोबर तो इराणला गेला असावा असे अभ्यासक मानतात. त्याचा मोठा भाग आज तेहरानच्या गुलिस्तान राजवाड्यात आहे, आणि १८६०-६१ मध्ये एका जर्मन विद्वानाने इराणात मिळवलेली त्याची पंचवीस पाने बर्लिनच्या ग्रंथालयात आहेत. तख्त गेले, राज्य गेले, उंटांच्या पाठीवर हजारो मैलांची वाट झाली, तरी कागद टिकला. कारण त्याला हाशिया होता आणि बांधणी होती.

जुन्यांचे सारेच बरोबर नव्हते

पण वाचकहो, जुने ते सगळे सोने असे मानण्याचीही गरज नाही. इतिहासाचा अभ्यास डोळे उघडे ठेवून करायचा असतो. त्या काळी हिरव्या रंगासाठी तांब्याचा जंगार वापरत. हा जंगार कागदाला आतून जाळतो. पुष्कळ जुन्या हस्तलिखितांत हिरव्या चौकटीच्या रेघेवरच कागद चिरून मधला मजकूर सुटा झालेला आढळतो. तसेच अनेक अरबी-फारसी हस्तलिखितांच्या पहिल्या किंवा शेवटच्या पानावर 'या कबीकज' असे लिहिलेले असते. कबीकज हा किड्यांचा राजा आहे आणि त्याचे नाव लिहिले की किडे पानाला शिवत नाहीत, अशी समजूत होती. मूळ शब्द एका विषारी वनस्पतीचा. वनस्पती बाजूला राहिली आणि नुसते नाव उरले. ज्या पानावर हे नाव लिहिले आहे त्याच पानाला कसरीने पाडलेली भोकेही पाहायला मिळतात. नाव लिहून काम भागत नाही, काळजी घ्यावी लागते, हाच त्याचा बोध.

खरे काम केले ते कापडाने. ग्रंथ सुती कापडात घट्ट बांधून ठेवण्याची रीत मशिदी-मदरशांत होती, मठ-मंदिरांत होती आणि सरकारी दफ्तरांतही होती. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले हजारो कागद ज्या गठ्ठ्यांत बांधलेले आहेत त्यांना 'रुमाल' म्हणतात. मराठीत 'बासनात बांधणे' हा शब्दप्रयोग एखादे काम मागे टाकण्यासाठी वापरतात. पण ज्यांनी कागद खरोखर बासनात बांधले त्यांच्यामुळेच आज आपल्याला इतिहास लिहिता येतो.

कागदाचीही एक जात असते. दौलताबादच्या किल्ल्याकडून खुलताबादला जाताना वाटेत कागजीपुरा नावाचे गाव लागते. मुहंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला आणली, तेव्हापासून आमचे पूर्वज इथे आहेत, असे तिथले कागजी सांगत आले आहेत. जुन्नरलाही अशीच कागजींची वस्ती होती. हे आपलेच कारागीर. तागाचे दोर, गोणपाट आणि चिंध्या कुटून, भिजवून, साच्यावर उचलून आणि दगडाने घोटून ते कागद करीत. त्यात लांब, बळकट तंतू असत आणि आम्ल जवळजवळ नसे. असा कागद तीनचारशे वर्षे सहज टिकतो.

एकोणिसाव्या शतकात लाकडाच्या लगद्याचा कागद आला. तो स्वस्त होता, म्हणूनच शाळेची पुस्तके आणि वर्तमानपत्रे घरोघर पोहोचली, हे त्याचे उपकार. पण लाकडातल्या लिग्निनमुळे तो पिवळा पडतो आणि तुरटीच्या जातीच्या क्षारामुळे त्यात आम्ल तयार होऊन तो ठिसूळ होतो. अमेरिकेत विल्यम बॅरो यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास प्रयोग करून हे आम्लच कागदाचा शत्रू असल्याचे दाखवून दिले. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. अशा छापखान्यांमुळे रंगीत चित्र सामान्य माणसाच्या भिंतीवर आले. मक्का-मदिनेची स्वस्त चित्रेही अशीच घराघरांत आली. बादशहाच्या मुरक्क्यातला कागद बळकट होता आणि त्याला पहारा होता. आपल्या घरातला कागद दुबळा आहे आणि त्याला पहारा नाही. म्हणून आपल्याला अधिक सावध राहिले पाहिजे.

शास्त्र काय सांगते

१८८८ मध्ये इंग्लंडमध्ये रसेल आणि ॲबनी या दोघा शास्त्रज्ञांनी रंगांवर उजेडाचा परिणाम तपासून एक अहवाल दिला. उजेड, हवा आणि ओल एकत्र आली की पुष्कळसे रंग उडतात आणि हे नुकसान साठत जाते, हे त्यातून स्पष्ट झाले. आज कोणत्याही चांगल्या संग्रहालयात कागदावरच्या रंगीत चित्रांसाठी ५० लक्स एवढाच उजेड ठेवतात आणि काही महिन्यांनी चित्र काढून पुन्हा अंधारात विश्रांतीला पाठवतात.

मुलांनो, एक सोपे गणित करा. भर दुपारचे थेट ऊन सुमारे १,००,००० लक्स असते. संग्रहालयातला उजेड ५० लक्स. म्हणजे उन्हातला एक तास हा संग्रहालयातल्या २,००० तासांएवढा झाला. संग्रहालय रोज दहा तास उघडे असेल तर हे २०० दिवस होतात. आजोबांचे चित्र पश्चिमेच्या उन्हात किती वर्षे होते याचा हिशेब मी केला, तेव्हा घुमटाचा हिरवा रंग कुठे गेला हे मला कळले.

चित्र दाखवायचे तर कसे, याचाही विचार युरोपातल्या संग्रहालयांनी केला. ब्रिटिश म्युझियममध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास छापील चित्रे खिडकीसारखा भाग कापलेल्या जाड पुठ्ठ्यात बसवू लागले. पुठ्ठ्याच्या जाडीमुळे चित्र मागे राहते आणि त्याला काही घासत नाही. असे पुठ्ठे ज्या पुस्तकासारख्या उघडणाऱ्या पेटीत ठेवतात तिला सोलँडर पेटी म्हणतात. त्याच संस्थेत अठराव्या शतकात काम करणाऱ्या डॅनियल सोलँडर या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाचे हे नाव. खिडकीचा पुठ्ठा आणि मिटणारी पेटी यांत मला तर हाशिया आणि बांधणीच पुन्हा दिसते.

आपण काय करावे

पालक बंधुभगिनींनो, यासाठी बादशहाची तिजोरी लागत नाही. थोडी समज आणि एक मोकळी दुपार पुरते.

चौकट करताना चित्र काचेला टेकू देऊ नका. चौकटवाल्याला सांगून मधे माउंटचा पुठ्ठा घालून घ्या. मागे हार्डबोर्ड किंवा प्लायवूड थेट लावू नका, त्याचे आम्ल कागदात उतरते आणि तपकिरी डाग पडतात. आम्लरहित कागद आणि पुठ्ठा आता शहरांतल्या कलासाहित्याच्या दुकानांत मिळतो, तो मधे घाला. चौकट पावसाच्या झडीकडच्या भिंतीवर, चुलीजवळ किंवा खिडकीसमोर नको. चौकटीच्या मागच्या चार कोपऱ्यांवर बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि चौकट यांच्यामधून हवा खेळेल. हवेतली आर्द्रता पासष्ट-सत्तर टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, आणि कोकणातल्या पावसाळ्यात ती त्याच्या कितीतरी पुढे जाते. म्हणून पावसाळ्यात मौल्यवान चित्र भिंतीवरून उतरवलेलेच बरे.

सर्वांत उत्तम म्हणजे मूळ चित्राची चांगली प्रत काढून ती भिंतीवर लावा आणि मूळ चित्र आडवे, सपाट, दोन पुठ्ठ्यांमध्ये, सुती कापडात बांधून पेटीत ठेवा. पेटी जमिनीला टेकवू नका, वाळवी जमिनीतून येते. कडुनिंबाची पाने किंवा डांबराच्या गोळ्या ठेवल्या तर त्या कागदाला लागू देऊ नका. पावसाळा सरला की एका कोरड्या दिवशी पेटी उघडून कागदांना सावलीत हवा द्या आणि वाळवी-कसर पाहा. ऊन दाखवू नका.

आणि जे मी केले ते कृपा करून कोणी करू नका. काचेला चिकटलेला कागद ओढू नका, काचेसकट जाणकाराकडे न्या. डिंक आणि चिकटपट्टी लावू नका. जुना दाखला, सनद किंवा चित्र प्लास्टिकमध्ये गरम करून लॅमिनेट करून घेऊ नका. ते प्लास्टिक पुन्हा कधी निघत नाही. जे उद्या सोडवता येणार नाही ते आज चिकटवू नये. मुघल कारागीर खळ वापरत होता, त्यात हेच शहाणपण होते.

हे सारे फक्त चित्रांपुरते नाही. आपल्या समाजात कोण शिकले, कोणी पहिली शाळा काढली, कोणती मुलगी पहिल्यांदा मॅट्रिक झाली, कोण जहाजावर नोकरीला गेले, याचा इतिहास मोठ्या ग्रंथांत क्वचितच सापडतो. तो आपल्या पेट्यांत आहे. शाळेच्या निकालपत्रात आहे, लग्नाच्या छापील पत्रिकेत आहे, पिवळ्या पडलेल्या एका सामूहिक फोटोत आहे. ते कागद गेले तर पुढे कोणी विचारले, तुम्ही कोण होतात, तर दाखवायला हाती काही उरणार नाही. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, ते चांगलेच आहे. पण मोबाइल बदलतो, बिघडतो, हरवतो. मूळ कागद तो मूळ कागदच.

गेल्या वर्षी मी माझ्या वर्गातल्या मुलांना घरातला एक जुना कागद, आईवडिलांच्या परवानगीने, पाहून यायला सांगितले. आणायला नव्हे, पाहायला. त्याचे माप, त्यावरची तारीख, कोणाचे नाव, कुठे डाग आणि कुठे भोक, एवढे लिहून आणायचे. एका मुलीने आपल्या पणजीच्या शाळेच्या दाखल्याबद्दल लिहिले. पणजी शाळेत गेली होती हे घरातही कोणाला ठाऊक नव्हते. त्या दिवशी वर्गात इतिहास शिकवावा लागला नाही.

दादी आता नाही. तिची पेटी माझ्याकडे आहे. तिकिटाला आणि पासाला मी चांगल्या कागदाचा रुंद समास दिला आहे, कोपरे कागदी खोबणीत बसवले आहेत, डिंकाचा थेंबही वापरलेला नाही. पत्रे एका पाकिटात आहेत. आणि ती काचही तशीच आहे, अर्ध्या मिनारासकट, फडक्यात गुंडाळलेली. तिला एखाद्या जाणकाराचा हात लागेपर्यंत मी तिला हात लावणार नाही. पण दर वर्षी पावसाळा संपला की मी पेटी उघडतो आणि माझ्या मुलाला जवळ बसवून एकेक कागद दाखवतो.

वाचकहो, या सुटीत आपणही आपली पेटी उघडा. मुलांना शेजारी बसवा, त्यांना हात धुऊन यायला सांगा, आणि प्रत्येक कागद कोणाचा ते त्यांना सांगा. मग त्याला चारी बाजूंनी थोडा समास द्या आणि पुन्हा नीट बासनात बांधून ठेवा.